मंगळवारची गाडी

"हॅलो?… हो मॅडम, लॉजवरूनच. मोहर्ली गेटजवळचं… हो, ललिताच बोलते. बोला ना."

ठाण्याहून येणाऱ्या पाहुण्या मॅडमचा सकाळपासून हा चौथा फोन. सोमवारची दुपार. ललितापुढे डबा उघडाच पडलेला, भात वाळून खडखडीत. भूक कुठे पळाली होती देव जाणे. तिची आई, बायनाबाई, नऊ दिवसांपासून चंद्रपूरच्या दवाखान्यात होती आणि डॉक्टरांनी परवाच सांगून टाकलं होतं, आता घरी न्या. तेव्हापासून ललिता काम करत होती, बोलत होती, पण आत कसं सारं बधिर झालेलं.

"हो, दोन रूम लिहिल्या. चेक-इन बाराला… गरम पाणी सकाळी सहा ते नऊ… साहेबांना दुपारी लागते? मग बादलीनं देऊ ना, चुलीवरचं… सफारी बुधवारची आहे तुमची. आधार कार्ड ओरिजिनल आणजा, परमिटवर ज्याचं नाव त्यालेच आत सोडते… नाई मॅडम, आपली गाडी गेटपर्यंतच. आत जिप्सी राहते, गाईड राहते… काय? उद्या?… स्टेशनवर घ्यायला, आणि तिथून मार्कंड्याच्या देवळात?… मॅडम, उद्या मंगळवार आहे. उद्या गाडी नाई."

घ्या! नेमका मंगळवारच पाहिजे यांना. ताडोबा मंगळवारी बंद, म्हणून गाड्या मोकळ्या त्या एकाच दिवशी. मग साक्षगंध असो की दवाखाना, इथली माणसं सारं मंगळवारवर ढकलतात. वाघाची सुट्टी तीच आपली सुट्टी. ललितानेही तेच केलं होतं. मालकाच्या मागे लागून लॉजची एकुलती एक गाडी उद्यासाठी मागून घेतली, मागची सीट आडवी करून टाकायला गादी काढून ठेवली, चादर धुतली. आईला सिंदेवाहीजवळच्या गावी, तिच्या घरी न्यायचं. दवाखान्यात कोंबडं ऐकू येत नाही, सकाळ झालेली समजतच नाही, एवढीच म्हातारीची तक्रार. अन् रोज विचारायची, "बाई, आज मंगळवार हाय का?"

"ऐका ना, मॅडम… हो, हो… ऐका तर खरं. डबल द्याचा सवाल नाई. गाडीच नाई… दुसरी? पिंटूची लग्नात गेली, मनसारामभाऊंची वरोऱ्याले… बस आहे ना, मोहर्लीपर्यंत येते… लहान मुलगा आहे, समजते मले… सांगा मालकांना, सांगा. त्यांनाच विचारून घेतली मी गाडी."

शहरातल्या पाहुण्यांशी 'मले-तुले' नाही, 'मला-तुला' बोलायचं, अशी मालकाची ताकीद होती. आज जिभेला तेवढं भान नव्हतं.

"कोणाला दिली म्हणता?… माझ्या आईले. दवाखान्यातून घरी न्याची आहे… नाई, बरी नाई झाली. बरी होत नाई आता, म्हणून नेऊन राह्यलो… सॉरी काऊन म्हणता, तुम्हाला काय माहीत… बुधवारी न्यावी?… मॅडम, बुधवारी पार्क चालू होते. गाडी तुमच्याच सफारीले लागते ना. मग पुढचा मंगळवार… तोवर ती राहत नाई, डॉक्टर म्हणते… एक मिनिट हं. दुसरा फोन येऊन राह्यला. भाऊ आहे, दवाखान्यातून. होल्ड करते, ठेवू नका."

तिनं बटण दाबलं.

"बोल, सुकलू… हो… कवा?… आता?… सकाळी तर पेज पेली म्हणे ना रे?… तू होता जवळ?… बरं… बरं… रडू नको. ऐक ना… शववाहिनी दवाखानाच देते म्हणते?… आजच? किती वाजता निघता?… ठीक हाय, मी बसनं गावी पोचते. तिच्या उशाखालची पिशवी राहून जाईन, घेजो आठवणीनं… काही बोलली का?… मंगळवारच इचारला?… मग तू काय सांगतलं?… हो म्हणलं?… बरं केलं. बरं केलं रे. ठेव."

ललिताला वाटलं, आता रडू येईल. तिनं वाट पाहिली. आलं नाही. भातावर माशी बसली होती. तिनं डब्याचं झाकण लावलं, घट्ट दाबलं. मोबाइलवर ठाण्याच्या मॅडम अजून होल्डवरच होत्या.

"हॅलो, मॅडम?… हो, आहे. थांबावं लागलं तुम्हाला… लिहून घ्या. उद्याची गाडी भेटेल… हो, तीच. मोकळी झाली… नाई, नाई, तुमच्यासाठी कॅन्सल नाई केली. आईले दुसरी गाडी भेटली… हो, दवाखान्याचीच. घरापर्यंत सोडते… हो, मॅडम. सोय झाली… थँक्यू कशाले… ड्रायव्हर लोकेश, नंबर पाठवते. साडेसहाला स्टेशनवर उभा राहीन… मी नाई राहणार उद्या, रंजीता राहीन. तिले सगळं सांगून ठेवते, गरम पाण्याचंही… काय?… मुलाला झोप येईल, हो ना, रात्रभर रेल्वेत… मागची सीट आडवी होते, मॅडम. गादी काढून ठेवली आहे, टाकून देते… चादर स्वच्छ आहे. कालच धुतली… नाई, मॅडम. कोणी नाई झोपलं तिच्यावर… हो. ठेवते."