मौनाच्या रांगेत

बागेत लाकडी फळ्यांचा घराएवढा शिंपला उभारला होता. आत रोज सगळं फुकट: सकाळी मातीकाम, दुपारी चित्रं, संध्याकाळी मौन. दिवसभर टिकटिक ऐकून कान किटलेले घड्याळवाले काका मौनाच्या रांगेत उभे होते, आणि पुढे नवऱ्याला घेऊन आलेल्या बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला होता.

"सोळावा दिवस आमचा. यांना मीच आणते."

"साहेबांना जमतं का गप्प बसायला?"

"जमतं का? तीन वर्षं घरात चकार शब्द नाही! परवा शिकवणाऱ्या ताई यांना म्हणाल्या, काका, तुमच्यासारखं मौन कुणाचंच नाही. टाळ्यासुद्धा वाजवल्या सगळ्यांनी, आवाज न करता."

"अहो वहिनी, घरी आहे तेच घ्यायला इथं रांग कशाला?"

"घरी त्यात मी एकटी असते, भाऊ. इथं चाळीस जण असतात."

काकांनी उगाचच चष्मा पुसला.

"एकच जागा उरलीय हं," दारातली मुलगी म्हणाली.

"तू जा," नवरा म्हणाला.

"अगंबाई, बोलले! भाऊ, ऐकलंत ना तुम्ही? अहो, परत म्हणा ना!"

नवरा शिंपल्याच्या छताकडे बघत राहिला.

"मावशी, येताय ना? सुरू होतंय."

"भाऊंना घे गं आत. आम्ही थांबतो."

काका आत जाऊन बसले, डोळे मिटले. चाळीस माणसं निश्चल. आणि फळ्यांच्या फटींतून अर्धा तास, घड्याळासारखं नेमानं, आत येत राहिलं:

"म्हणा ना."