काढून टाकलेला भाग

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसवलेल्या घड्याळजीला डोळे मिटून ऐकण्यावाचून दुसरं काम नव्हतं. शेजारी आत्या-भाची बोलत होत्या.

"म्हणजे दिवसभर तू कॉम्प्युटरवर पेशी काढतेस?"

"काढत नाही आत्या, चालवते. पेशीत कोण कोणाला जागं करतं, कोण कोणाला आवरतं, ते सगळं गणितात मांडायचं. मग त्यातला एक भाग काढून बघायचं."

"काढलास?"

"काढला. गणित म्हणालं, पेशी मरणार."

एक चाक काढलं की घड्याळ बंद. घड्याळजीने मनातल्या मनात मान डोलावली.

"मग प्रयोगशाळेत खऱ्या पेशीतून तोच भाग काढला. तर पेशीबाई जिवंत."

"म्हणजे तुझं चुकलं."

"साफ चुकलं. आम्ही सगळे दिवसभर खूश."

"चुकून खूश? धन्य आहे तुमची."

"अगं, तिने दुसरीकडून वाट काढली होती. आमच्या गणितात ती वाटच नव्हती. आता ती शोधायची."



"तुझे आतोबा गेले, तेव्हा तुझ्या बाबांनीही गणित मांडलं होतं. माझ्याबद्दल म्हणाले, ही वर्षभरही काढणार नाही."

"मग बाबांचं कुठे चुकलं?"

"ते मलाही अजून सापडलेलं नाही. तूच बघ शोधून."