कंबर सैल ठेवा

इन्व्हरनेसच्या किल्टच्या, म्हणजे चुणीदार स्कॉटिश घागऱ्यांच्या, दुकानात मी माझ्या नंबराची वाट पाहत बसले होते. पुढे बॅगपाइप पथकाची प्रमुख मोराग आणि तिची लेक इशबेल उभ्या होत्या. शिंपीणबाई इशबेलचं माप घेत होत्या.

“पोट आत ओढू नकोस गं. नितंबांचं माप गेल्या वर्षीचंच आहे, कंबर मात्र वाढलीय.”

“आणखी सैल ठेवा, बाई.”

“सैल कशाला? स्पर्धेत चालताना किल्ट घसरला म्हणजे?” मोराग म्हणाली.

“आई, स्पर्धा ऑगस्टमध्ये आहे.”

“मग?”

“तोवर पोट आणखी वाढेल.”

बाईंच्या हातातली टेप तिथेच थांबली.

“इशबेल! कितवा महिना?” मोरागने विचारलं.

“चौथा.”

“आणि कॅलम? लग्नाचं बोलत होता ना?”

“सांगितल्यापासून फोनच उचलत नाही.”

“आणि मला हे आज कळतंय? टेपच्या तोंडून?”

“तू पथकातून काढशील, म्हणून घाबरले.”

“वाजवताना श्वास पुरतो?”

“पुरतो.”

“नक्की?”

“नक्की, आई.”

“बाई, पट्टे लांब लावा आणि आत भरपूर कापड सोडा. ही पहिल्या रांगेत असते. तिथेच राहील.”