उसवा, थुओचे बाबा

...आणि परत म्हणाली, ‘उसवा.’ एवढंच. वर बघितलं नाही, हातातली कात्री थांबवली नाही, चष्मा नाकावरून घसरला होता तोही सावरला नाही... ‘अहो थुओचे बाबा, उसवा.’ तुम्हाला सांगतो, चार संध्याकाळी मान मोडून विणलेलं, आणि ही बाई असं म्हणते, जसं काही मी चहाचा कप भलत्या जागी ठेवलाय.

आता तुम्ही म्हणाल, किमेमिया, अख्खा जन्म मोंबासा रस्त्यावर लॉरी हाकलीस, तुला कुणी सांगितलं होतं सुया हातात घ्यायला? कुणी म्हणजे काय, या लिमुरूच्या थंडीनं. जुलै महिना, इकडं तो ऐन थंडीचा, धुकं असं की अंगणातली गाय हंबरली तरच आहे म्हणायची, गुडघे धरलेले, लॉरी विकून टाकलेली... घरात बसून माणसानं करायचं काय? मी आपला चांगल्या मनानं वान्गेचीच्या, म्हणजे आमच्या हिच्या, स्वयंपाकघरात डबे लावून द्यायला गेलो. साखरेच्या डब्यात मीठ गेलं, बाकी काही नाही. तर दुसऱ्या दिवशी बायकोनं दोन सुया आणि निळ्या लोकरीचा गुंडा मांडीवर आणून टाकला. म्हणाली, ‘सुनेचे दिवस भरत आलेत. आजोबा होणार ना? मग बाळाला स्वेटर विणा, आणि माझ्या डब्यांना हात लावू नका.’

आणि बाळ म्हणजे कोण, हे तुम्हाला वेगळं सांगायला हवं का? पहिला मुलगा झाला की त्याला बापाच्या बापाचं नाव, ही आपली रीत. थुओचा बाप कोण? मी. म्हणजे येणारा तो किमेमिया. म्हणजे मी माझ्याचसाठी स्वेटर विणत होतो म्हणा ना. हसू नका. एकुलता एक पोरगा माझा, त्याच्या पोटी मी परत येणार... वय झालं की वाटतं हो, आपल्या माघारी या टेकडीवर ‘ए किमेमिया’ अशी हाक कुणी मारेल की नाही? म्हणून ठरवलं, पाठीवर लॉरी काढायची. पांढऱ्या लोकरीची. पोरगा जन्मला की गाडी तयार.

वान्गेचीनं बघितलं. ‘बकरी छान झालीय.’

‘लॉरी आहे ती.’

‘मग तिला पाय का आहेत?’

‘चाकं आहेत!’

‘उसवा.’

बरं, ते टाके. खाली मोजून बसवले, वर जाईस्तोवर वाढलेले. कुठून आले? मी तर बोलावले नव्हते. मटाटूच्या गाडीत कसं, निघताना सगळे नीट बसलेले असतात आणि पुढच्या थांब्याला बघावं तर दारात माणसं लोंबकळतायत, तसं. ही म्हणते, ‘ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागं टाकता, म्हणून एकाचे दोन होतात. उसवा.’ अहो, पण मोंबासा रस्त्यावर मी कधी लॉरी मागं घेतलेली नाही. वळण चुकलं तर पुढं जायचं, पुढं कुठंतरी रस्ता सापडतो. हा माझा धर्म. आणि विणकाम म्हणजे नुसतं मागंच जायचं काम...

आणि स्वतः काय करते? कागदाचे मणी. जुनी कॅलेंडरं, मासिकं, हाताला लागेल ते घ्यायचं, लांब निमुळत्या पट्ट्या कापायच्या, सुईभोवती घट्ट गुंडाळायच्या, टोकाला डिंक, वरून वार्निश, की दोरीवर वाळत. दिसतात झकास, नाही कशाला म्हणू? पण घरात कागद म्हणून राहिला नाही. शेजारचा न्दिरांगु येतो तो वर्तमानपत्र कोटाच्या आत लपवून येतो. एकदा मी माझा नकाशा शोधायला गेलो. मोंबासा रस्त्याचा, सगळा जन्म सीटखाली राहिलेला, घड्यांवर विरलेला, व्होई गावावर चहाचा डाग. सापडला. दोरीवर. मणी होऊन वाळत होता.

‘वान्गेची, माझा रस्ता कापलास?’

‘रस्ता तुम्हाला पाठ आहे ना? मग कागद कशाला?’

सकाळी बोललो नाही, दुपारी बोललो नाही. संध्याकाळी मका-घेवड्याच्या गिथेरीत मीठ कमी होतं म्हणून बोलावं लागलं.

मग तो दिवस उजाडला. हॉस्पिटलातून थुओचा फोन आला, तो आईला. मी गोठ्यामागं विणत बसलेलो. तेवढ्यात अंगणातून बायकांची ललकारी उठली. आपल्यात मुलगा झाला तर पाच, मुलगी झाली तर तीन, मग कुणी येऊन सांगावं लागत नाही. मी सुया थांबवल्या. एक... दोन... तीन... म्हटलं, चौथीला दम घेत असतील, वयस्कर बायका आहेत. थांबलो. अजून थांबलो. गाय हंबरली, पण गायीची धरत नाहीत.

मुलगी. आणि पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव. म्हणजे वान्गेची. जी घरात आधीच एक आहे!

आनंद झाला नाही असं कसं म्हणू, नात ती नात. पण खोटं कशाला बोलू, माझं नाव काही लागलं नाही. मी गेलोच की शेवटी, परत न येता. स्वेटर पुरा झाला होता, फक्त बटणं आणि लोकरीचं शेवटचं टोक आत ओवायचं राहिलेलं. पाठीवरच्या लॉरीकडं बघितलं, म्हटलं वान्गेचीला लॉरी घेऊन काय करायचंय... आणि जन्मात पहिल्यांदा मी आपणहून टोक धरलं.

‘काय करताय?’ ही मागं उभी.

‘उसवतोय.’

‘ठेवा खाली.’ खाली बसली माझ्याजवळ. ‘मी या घरात कशातून आले होते? तुमच्या लॉरीतून. पुढं मी, मागं माझी पेटी आणि एक बकरी. म्हणजे हे चित्र काहीही असलं तरी बरोबरच आहे. वान्गेची लॉरीतूनच येते. राहू द्या.’

आणि मूठ उघडली. पाच मणी. नकाशाचे. तिनं सगळ्या शेजारणींना माळा करून दिल्या, पण यातला एकही मणी कुठं ओवला नव्हता. ‘बटणं,’ म्हणाली. ‘मोंबासा गळ्याशी लावा, समुद्राचा निळा रंग आलाय त्यावर.’ मी आपला धुक्याला शिव्या दिल्या, डोळ्यांत जातं म्हणून.

बाळ घरी आलं. सून बसलेली, शेजारणी जमलेल्या, न्दिरांगुसुद्धा टोपी काढून उभा. स्वेटर घातला. सैल होता, पण वाढत्या अंगाचं लेकरू आहे. वान्गेची कानात म्हणाली, ‘ते टोक आत ओवलंत ना?’ म्हटलं, आता परत मागं नाही जायचं. तर त्या चिमुरडीनं, डोळे मिटलेले बरं का, मूठ गळ्याशी नेली, टोक धरलं आणि हात झाडला. सर्रकन अख्खी ओळ गेली.

‘उसवा’ म्हणायची बायकोला गरज काय होती?

रीत चुकत नाही हो, नाव अगदी बरोबर बसलंय. आता घरात दोन वान्गेची. एक नुसतं सांगते, दुसरी स्वतःच्या हातानं करून देते... मी आपला टाके उचलतोय.