मध्येच ओढलेली वायर

— नाही, कॉम्प्युटर मागच्या खोलीत नाही न्यायचा. इथेच उघडा, माझ्यासमोर. आत तुम्ही काय करता ते मला कसं कळणार? रागावू नका, शिमे — शिमेच ना तुम्ही, दारावरच्या पाटीवर आहे म्हणून म्हणते — तुमच्याशी माझं काही वाकडं नाही, पण गेल्या दोन दिवसांत माणसांवर विश्वास टाकायचं मी सोडून दिलंय. सकाळच्या बोटीत हा डबा शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची बाई विचारते, कोंबडी आहे का हो? म्हटलं, शब्दकोश आहे. आमच्या बेटाच्या बोलीचा, अकरा वर्षांचं काम, सात हजारांवर शब्द, सगळे ह्या डब्यात — आणि डबा सुरूच होत नाही. पडदा काळा, वर कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, आणि पुढे ती बारकी रेघ लुकलुकत बसते. आली बघा. हीच. दोन दिवस हिचंच तोंड बघतेय, आणि सोमवारी पुस्तक छापायला जायचंय.

काय झालं म्हणून काय विचारता — झालं नाही, केलं. याकित्सानं केलं. कोण याकित्सा? आमच्या पोस्टात होती, तीस वर्षं घरोघर पत्रं वाटत हिंडली. कोश आमचा दोघींचा, म्हणजे — माझा, तिची मदत. म्हाताऱ्यांकडे पत्र द्यायला जायची, बसायची, कॉफी प्यायची, त्यांच्या तोंडातले शब्द शाळेच्या वहीत उतरवायची. अक्षर असं, की शाई सांडली वाटावं. ते वाचायचं कुणी? मी. अर्थ लावायचा, टाइप करायचं, सगळं मी. छत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलीय मी. आणि मंगळवारी ही बया पेनड्राइव्ह घेऊन दारात. म्हणे माझ्या रियेका शहरात राहणाऱ्या मुलीनं नवा प्रोग्राम दिलाय, तुझ्याकडे घाल, माझ्याकडे घातलाय, मग एकीनं लिहिलेलं दुसरीला आपोआप दिसेल. आता मला सांगा, अकरा वर्षांत जे सुचलं नाही ते छापायच्या आठवड्यातच कसं सुचलं? वर गोड हसून सांगते, विंका, घाई नाही, जमेल तेव्हा घाल.

थांबा, ती वायर कसली जोडताय? इंटरनेटची नाही ना? तुमची स्वतःची डिस्क आहे, तिच्यावरून सुरू करून बघताय — बरं. पण माझ्या फाइली तिच्यात उतरणार नाहीत ना? तसं नव्हे, विचारायला काय जातंय.

हो, घातला मी. तुम्हीही घातला असता. न घालावा तर म्हणणार, विंका काहीतरी लपवतेय. आणि अर्ध्यावर असताना वीज गेली. उत्तरेचा वारा सुटला की आमच्याकडे जातेच. बुधवारी दुपारी, तीनच्या सुमारास — काय? इथे स्प्लिटला बुधवारी वारा नव्हता? तुमचं शहर वेगळं, आमचं बेट वेगळं. दिवा? दिवा चालू होता, त्याच्याच उजेडात तर मी — शिमे, तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करता की पोलिसात आहात?

दाखवा काय लिहिलंय ते. मिनिटासकट लिहून ठेवतो हा कॉम्प्युटर? तीन वाजून अकरा मिनिटं, काम चालू असताना अचानक बंद. बरं. मी ओढली वायर. भिंतीतून, दोन्ही हातांनी. का, तर त्यानं मध्येच एक ओळ दाखवली — आता ह्या फोल्डरमधलं सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसेल. सगळं. म्हणजे पहिलं पानसुद्धा. आणि पहिल्या पानावर — आदल्या दिवशीच मी थोडी दुरुस्ती केली होती. दोन नावं होती, एक केलं. असं बघू नका. कोशाला एक संपादक असतो. तिचे आभार मानणारच होते मी प्रस्तावनेत, चांगल्या चार ओळींत. वह्या? वह्या चौदा आहेत, माझ्या कपाटात. तपासायला म्हणून आणल्या होत्या, उन्हाळ्यात. तिनं मागितल्या नाहीत. एकदा मागितल्या. मी म्हटलं, सापडत नाहीयेत.

तुम्ही आपलं काम करा ना. अर्धवट बसलेला भाग काढताय? म्हणजे तिचा प्रोग्राम खराब नव्हता. वायर ओढली म्हणून कॉम्प्युटर सुरू करणारीच एक फाइल अर्धी राहिली, एवढंच. एवढंच असेल तर बरंच आहे.

सुरू झाला? अगं बाई, झाला. हे माझंच चित्र, आमचं बंदर. ती फाइल उघडा, निळी. पहिलं पान नको, ते सोडून द्या, शब्द आहेत का सगळे ते बघू. आहेत. सरकवा खाली. हे प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'या.' आहे ना — कुणी टिपला त्याची खूण आहे ती. याकित्साची. मीच ठरवली होती, पद्धत म्हणून. या., या., या. — पुढे चला. इथेही तेच. माझी खूणही आहे 'वि.', दिसेल कुठेतरी. पाऊणशे तरी असतील.

थांबा. तो वाचू नका. नाही — वाचा. चुवालित्सा. उशिरा येणाऱ्यासाठी फडक्यात झाकून ठेवलेली पावाची कड. खाली वापर दिलाय: विंकाला चुवालित्सा ठेवलीय, तिला शाळेतून यायला उशीर होतो. सांगणारी, कातिना मातुलिच. या.

माझी आई. हा मीच टाइप केला असणार, हात चालतात तेव्हा डोकं कुठे असतं. पण हा शब्द मी घरात कधी ऐकला नाही, शिमे. आई मला म्हणायची, पाव टेबलावर आहे. पुस्तकातल्यासारखं, जपून जपून. कारण मी तिला दुरुस्त करायचे. शिकून आले ना, वीस-बावीसची होते — आई, असं नाही म्हणायचं, असं म्हण. वर्गात बोलीत बोललेल्या पोरांना मी उभं करायचे, तशीच घरी. मग ती माझ्यासमोर कमीच बोलायला लागली. मला वाटायचं, आई स्वभावानं गप्प आहे. आणि याकित्सा पत्र घेऊन आली की स्वयंपाकघरात दोघी तास तास बोलायच्या, मी आत गेले की गप्प. मला वाटायचं माझ्याबद्दल काहीतरी चाललंय. पन्नास वर्षं मला तसंच वाटत आलंय. होतंच की माझ्याबद्दल.

नाही, पाणी नको. काय विचारतोय तो? प्रोग्राम पुन्हा घालायचा की कायमचा काढायचा? दोन मिनिटं थांबवता येतो का त्याला? मग पहिलं पान उघडा. आणि उठा, मला बसू द्या तिथे. कीबोर्ड इकडे सरकवा. याकित्सा — हे तुमचं अक्षर अडकतं हो, 'त' दोनदा उठला — याकित्सा बोर्चिच. नाही, खाली नाही लिहिणार. वर. माझ्या नावाच्या वर. काय चुकलं त्यात? बोर्चिच, मातुलिच, 'ब' आधी येतो. वर्णानुक्रम आहे, कोशात दुसरा नियम नसतो, आणि तुम्ही ह्यातून भलता अर्थ काढू नका.

झालं. आता त्याचं ते 'हो' दाबा, आणि तुमची इंटरनेटची वायर लावा. नाही, माझ्याकडे बघू नका. पडद्याकडे बघा. पूर्ण होईपर्यंत भिंतीजवळ कुणी जायचं नाही, मीसुद्धा नाही — आणि आता जरा गप्प राहा.