वस्तादांनी गिळलेलं क्रियापद

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. माणसाला उचलायला सगळ्यात जड काय? धान्याचं पोतं? गुळाची ढेप? मृदंगवाले बुवा हसताहेत — त्यांना वाटलं, स्वतःचं पोट! नाही बुवा. सगळ्यात जड दोन शब्द — ‘मी हरलो’. ऐका तर!

पंचगंगेकाठी एक गाव. तिथे हिंदुराव वस्ताद. पन्नाशी ओलांडलेली, कान मोडलेले, मान रेड्यासारखी. जन्मभर तालमीत पोरं घडवली. पण आता पोरं मोबाईलवर कुस्त्या खेळतात — तालमीत कबुतरं नांदतात! वस्तादांचा जीव तुटायचा. तेवढ्यात गावच्या हायस्कूलने ठरवलं, कुस्ती शिकवायला माणूस नेमायचा. पोरं परत मातीत येणार! अट एकच — माणूस दहावी पास हवा. आणि आमचे वस्ताद? नववीत इंग्रजी बघून पळालेले!

बसले हो दहावीला. बाकीचे विषय रेटले असते, पण इंग्रजीची तोंडी परीक्षा! शिकवायला सून, शैला. क्रियापदं पाठ करायची तऱ्हा मात्र वस्तादांचीच — बैठका मारत. खाली जाताना ‘गो’, वर येताना ‘वेंट’, दम सोडताना ‘गॉन’! गोठ्यातली म्हैस बावरायची. असा गडी सगळी रूपं घोटत गेला, आणि एके सकाळी आलं ‘लूज’.

शैला म्हणाली, “मामंजी, लूज म्हणजे हरणे. भूतकाळ लॉस्ट. म्हणा, आय लॉस्ट.”

“ही लॉस्ट.”

“आय म्हणा.”

“दे लॉस्ट.”

“अहो मामंजी, आय.”

“यू लॉस्ट,” म्हणाले वस्ताद, आणि उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले!

का हो असं? कारण होता सोनबा. शेजारगावचा पैलवान, वस्तादांचा जिवाचा दोस्त. एका ताटात जेवायचे दोघे. तरुणपणी भर जत्रेत सोनबाने वस्तादांची पाठ मातीला लावली. तेव्हापासून वस्तादांचं एकच पालुपद — “माती ओली हुती, पाय सरकला.” दोस्ती तुटली, बोलणं बंद.

हसता काय? तुमच्याकडे नाही ओली माती? भावाशी तंटा केला — माती ओली! बायकोला नको ते बोललो — माती ओली! आपला पाय कधी चुकतच नाही!

परीक्षेच्या आदल्या दिवशी शैलाने सहज विचारलं, “नवं पोर तालमीत आलं की पहिलं काय शिकवता, मामंजी?”

“पडायला. पडायचं भ्या गेल्याबिगर डाव येत न्हाई.”

“मग तुमचं भ्या अजून गेलं नाही?”

त्या रात्री वस्तादांना जेवण धड गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या बाईंनी त्यांचे कान बघितले आणि हसून विचारलं, “यू आर पैलवान? डिड यू एव्हर लूज?”

मंडळी, ‘नो’ म्हटलं असतं तरी मार्क मिळालेच असते! कोण बघायला येणार होतं? पण वस्ताद खाली वाकले. आखाड्यात उतरताना पैलवान माती कपाळाला लावतो ना — तशी वर्गातल्या फरशीवरची धूळ कपाळाला लावली. म्हणाले, “येस मॅडम. आय लॉस्ट. सोनबा वन. माती ड्राय.”

बाईंना शेवटचं काही कळलं नाही. पण वस्तादांचा आवाज असा लागला होता, की त्यांनी पुढे काही विचारलंच नाही.

वस्ताद घरी गेले नाहीत. तडक सोनबाच्या दारात. सोनबा कडबा तोडत होता.

“सोनबा, माती कोरडी हुती.”

सोनबाने विळा खाली ठेवला. म्हणाला, “हे ऐकायला म्हातारा झालो की रं. चल, जेवायला बस.” आणि आत हाक मारून ताट मागवलं — एकच!

वस्ताद पास झाले. आता हायस्कूलची पोरं मातीत लोळतात. पहिल्या दिवशी वस्ताद त्यांना पडायला शिकवतात, आणि जत्रेतली ती कुस्ती सांगतात — आपण कसे हरलो ते!

तर मंडळी, देवाला इंग्रजी लागत नाही, मराठी चालते. आज घरी जाताना वाटेत एक दार लागेल, ज्याच्यापुढून तुम्ही मान वळवून जाता. कुठलं ते मला सांगू नका, तुम्हाला ठाऊक आहे. तिथे थांबा. कडी वाजवा. आमची आरती चुकली तरी चालेल, देव माझ्याकडून समजून घेईल. उठा, ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच निघा.