सूज आहे, पण आतून

...आणि वर मलाच विचारतात, जनू, मान वाकडी करून का बोलतोस! अहो, हौस आहे का मला? विठ्ठलवाडीला रिक्षात बसलो होतो, मागून टेम्पोने ठोकलं, मान अशी पुढे गेली, अशी मागे आली, आणि तेव्हापासून जी धरलीय ती वर्ष झालं सुटायचं नाव नाही. एक्स-रे काढला. हाड शाबूत. झालं, त्या दिवसापासून जो तो एकच बोलतो... "दिसत तर काहीच नाही!"

कॅम्प पाचच्या कारखान्यात मी ज्यांच्याकडे जीन्सचं कापड कापतो ते शेठ म्हणतात, "अरे साईं, बाहर से तो फर्स्ट क्लास दिखता है, माल उतार ना." बायको म्हणते, "माळ्यावरचा डबा काढायला सांगितला की बरी दुखते." सलूनवाला तर थोरच. दाढी झाल्यावर न विचारता हनुवटी धरली, "काका, ढिली सोडा," आणि कटकन... मला दिवसा तारे दिसले, आणि हा आरशात बघून म्हणतो, "दिसत तर काहीच नाही."

शेवटी बदलापूरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "झोप लागते का?" तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या, वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं हो. म्हणाल्या, "मार लागला की शरीर आत दाह सुरू करतं, आतली सूजच म्हणा, ती बरं करायलाच असते. पण काही जणांची ती वेळेवर उतरत नाही. मग नसा चिडून बसतात, जरा हललं तरी बोंब मारतात. एक्स-रेत हे येत नाही. हलका व्यायाम करा, वजन उचलू नका." म्हणजे मी खोटा नव्हतो!

पण पुढ्यात भाच्याची हळद. आमच्या घरात हळदीला नवरदेव मामाच्या खांद्यावर नाचतो. मामा एकच, मी. आणि नवरदेव दिपेश? दारातून आडवा शिरतो तो. थोरल्या बहिणीला, काशीताईला, सगळं समजावलं, ताई, सूज आहे, पण आतून... तिने मान चाचपली. "दिसत तर काहीच नाही." आणि पदर डोळ्याला. "बाप नाही पोराला, आता मामाही नाही म्हणायचं."

हळदीच्या रात्री बेंजो सुरू झाला, सगळे "मामा, मामा" करायला लागले, आणि मी खाली बसलो, तो वर बसला. नाचलो. हसत नाचलो, कारण ताई बघत होती.

दुसऱ्या दिवशी मान अशी फुगली की खांदा कुठे सुरू होतो कळेना. काशीताई धावत आली, बघितलं, कपाळावर हात मारला आणि मलाच ओरडली, "अरे जनू, एवढी सूज होती, तर आधी दाखवायची नाही का?"